आठवड्याच्या बोलीवर नेलेली तबकडी

मी एक जुनी, गाण्याची तबकडी आहे, आणि माझ्या पाकिटात सोळा वर्षे एक पत्र होते. त्याला उत्तर गेले नाही. मित्रांनो, पत्र दडवले दुसऱ्याने हे खरे. पण मला स्वतःला निर्दोष म्हणवत नाही. का, ते सांगते. नीट सांगता येईल की नाही कोण जाणे. गाण्याखेरीज काही सांगायची मला सवय नाही.

माझा जन्म शिकागोच्या दक्षिण भागातल्या एका तळघरात झाला. साल छप्पन्न. कारखान्यातून हजारांनी निघणाऱ्या तबकड्यांसारखी मी नाही. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर काळा मऊ लेप, आणि गाणे चालू असतानाच त्यात सुईने कोरलेली रेघ. अशी मी एकटीच. समोर सतरा वर्षांची ओलेटा गात होती. मागे तिच्या चर्चची दहा-बारा माणसे टाळ्यांचा ठेका धरून उभी होती, त्यांत तिची बारा वर्षांची बहीण व्हर्डेल. यंत्रावरच्या माणसाने बजावले होते, "गाणाऱ्यांनी गायचं. मधे कुणी हूं की चूं करायचं नाही." पण त्यांच्या चर्चमध्ये गाणे कुणी मुकाट ऐकत नाही. गाणारा चढला की ऐकणाऱ्यांनी हाक देऊन त्याला आणखी वर न्यायचे, हीच रीत. शेवटच्या कडव्यात ओलेटाने सूर उचलला, आणि व्हर्डेलच्या तोंडून निघून गेले, "गा, ओलेटा, गा!"

यंत्रावरचा माणूस कपाळाला हात लावून बसला. दुसरी कोरी तबकडी नव्हती. "नासवलंस ना सगळं!" म्हणून ओलेटाने धाकटीशी दोन दिवस अबोला धरला. पुढच्याच हिवाळ्यात ती तापाने गेली. तिचा आवाज माझ्याखेरीज जगात कुठेही उरला नाही.

माझा लेप नाजूक. प्रत्येक वेळी वाजले की मी थोडी झिजते. म्हणून त्यांची आई मला फक्त रविवारी, चर्चहून आल्यावर, कढईत कोंबडी तळून होईपर्यंत एकदाच लावी. अशी बारा वर्षे गेली.

अलॉन्झो टीग हा त्या गल्लीचा टपालवाला. जॅझच्या आणि चर्चमधल्या गॉस्पेल गाण्यांच्या तबकड्या जमवण्याचे त्याला लहानपणापासून वेड. एका रविवारी तो सहज त्या गल्लीतून चालला होता. उघड्या खिडकीतून माझा आवाज आला आणि तो पायरीवरच बसला. गाणे संपल्यावर टोपी काढून आत गेला आणि चर्चमध्ये वडीलधाऱ्या बाईला म्हणतात तसे आईला म्हणाला,

"मदर, एक आठवडा द्या. पुढच्या सोमवारी टपालाबरोबर आणून देतो."

आईने मला उशीच्या अभ्र्यात गुंडाळून दिले. सोमवार आला. अलॉन्झोने त्या दारात टपाल टाकले आणि मान खाली घालून तो पुढे गेला. महिनाभरात त्याने दुसरी गल्ली मागून घेतली.

त्याच्या घरी मला जे मिळाले ते काय सांगू! जमिनीपासून छतापर्यंत फळ्या, शेजारी नावाजलेल्या जॅझवाल्यांच्या तबकड्या, आणि मला सर्वांत वरची जागा. पाहुणे आले की तो मला दोन्ही तळव्यांत कडेला धरून दाखवी. "अशी जगात दुसरी नाही," म्हणे. "वाजव की," कुणी म्हटले तर लगेच पाकिटात घाली. "झिजेल."

मला ते आवडले. तो माझा गुन्हा. ज्या घराची मी होते, तिथे रविवारी आता काय लावत असतील, हा विचार मी मनात येऊ दिला नाही.

मग सोळा वर्षांपूर्वी पत्र आले. पत्ता होता फक्त जुन्या टपाल कचेरीचा, 'मिस्टर टीग, टपालवाले' एवढाच. निवृत्त सहकाऱ्याचे म्हणून तिथल्यांनी ते घरी पोचवले.

'आई गेली,' व्हर्डेलने लिहिले होते. 'मी आता अलाबामात असते. तबकडी असेल तर कळवा. रागावलेली नाही. त्यात मी मधेच ओरडले होते. खरंच सगळं नासवलं का, ते एकदा ऐकायचं आहे.'

अलॉन्झोने ते तीनदा वाचले, माझ्या पाकिटात सरकवले आणि म्हणाला, "उद्या लिहितो." पण प्रत्येक उद्याला आदल्या दिवसाची लाज चिकटत गेली.

या वसंतात त्याने मला काढले. माझ्या अंगावर पांढरी बुरशीसारखी भुकटी आली होती, आणि कडेचा लेपाचा एक तुकडा त्याच्या मांडीवर गळून पडला. न वाजवताही मी संपत चालले होते. त्याचा चेहरा उतरला. मऊ फडक्याने पुसून त्याने सुई ठेवली. पहिली ओळ खरखरीत गेली. मग ओलेटा आली. मग ती हाक आली.

स्वयंपाकघरातून त्याची बायको कोरीन हात वर करून आली. "गा, बाई, गा! लॉन, ही ओरडणारी पोरगी कोण रे? तिनेच तर गाणं वर नेलं!"

अलॉन्झोने पाकिटातले पत्र पुढे केले. तिने उभ्यानेच वाचले.

"पस्तीस वर्षं लोकांची पत्रं दारोदार पोचवलीस. आणि स्वतःच्या नावाचं एक पुरून ठेवलंस?"

"उत्तर दिलं असतं तर ही तबकडी गेली असती, कोरीन."

"आणि तोवर ती बाईच गेली असली तर?"

कोरीनने फोन उचलला. चर्चच्या बायकांना माणूस शोधायला तीन फोन पुरतात. तिसरा ठेवून कोरीन म्हणाली, "आहे. अलाबामातच, बर्मिंगहॅमला, भाचीकडे. एक कान गेलाय, दुसराही जायला आलाय. बस लिहायला!"

चार कागद फाडल्यावर पाचवा राहिला. 'सिस्टर व्हर्डेल, आठवड्यासाठी नेली होती, एक्कावन्न वर्षं ठेवली. पहिली ओळ माझ्यामुळे गेली, ती मला परत करता येत नाही. तुमची हाक शाबूत आहे. तुम्ही काही नासवलं नाहीत. त्या हाकेसाठीच मी चोर झालो.'

"आणि ती ऐकणार कशावर? तव्यावर?" कोरीनने विचारले. तेव्हा त्याने आपले पेटीतले तबकड्या वाजवायचे जुने यंत्रही बांधले.

मित्रांनो, कुणाची वस्तू तुमच्याकडे असेल तर तिला जपले म्हणून स्वतःची पाठ थोपटू नका. तिची वाट पाहणारे कान म्हातारे होत असतात. एवढेच मागते.

टपाल कचेरीत खिडकीमागची मुलगी हसली. "मिस्टर टीग! तुम्ही आणि रांगेत? विचारावं लागतंच हं. आत नाजूक, द्रव, नाशवंत काही आहे?"

हा प्रश्न त्याने याच कचेरीत हजारदा ऐकला होता. तरी त्याने पार्सलवर हात ठेवला.

"नाजूक आहे," तो म्हणाला. "नाशवंतही आहे. लवकर पोचव, बाळ."

वरून शिक्का पडल्याचा आवाज आला. आत अंधार होता, आणि माझ्या अंगाला या वेळी उत्तर टेकलेले होते.