माध्यान्हीची हाक

पावसाआधीचा दाहक ऋतू. मलावीच्या सरोवरावर सकाळ उतरते ती वितळलेल्या रुप्यासारखी, आणि दुपार होईतो त्या रुप्याचं पांढरं, निर्दय पोलाद होतं. काठावरच्या बांबूच्या मांडवांवर बोटाएवढे मासे वाळत असतात. रुपेरी, असंख्य, उघड्या डोळ्यांचे. आंब्यांच्या सावल्या आखडून खोडांपाशी येतात. वारा नाही. लाट नाही. अवघा जलविस्तार श्वास रोखून पडलेला.

काठावरच्या लहानशा इस्पितळात, बायकांच्या वॉर्डात, खिडकीलगतच्या खाटेवर तामांडा पडली होती. सरोवराकडे तिला पाहायचं नव्हतं, माणसांकडे पाहण्याचं बळ नव्हतं. म्हणून कमरेचं निळं फुलाफुलांचं वस्त्र तिनं तोंडावरून ओढून घेतलं होतं. त्या निळ्या अंधारात ती होती आणि तिची लाज होती.

एके काळी याच बाईच्या गळ्यानं गाव जागं होई. बालवर्गाची शिक्षिका तामांडा. मेघश्यामल, दीर्घबाहू, हसतमुख. मुलांना ती अक्षरं गाऊन शिकवी. रविवारी चर्चच्या गायिकांत पहिल्या रांगेत उभी राही. तिचा नवरा कोंडवानी कोळी होता. एकदा दक्षिणेचा वारा उन्मत्त झाला आणि सरोवर काळंनिळं उसळलं. नाव परतली नाही. देह परतला नाही. परतला तो फक्त आवाज.

भर माध्यान्ही यायचा. फळ्यावर अक्षर काढता काढता, पाणी भरता भरता, पाण्याच्या दिशेनं यायचा. ‘तामांडा.’ ओला, आर्त, ओळखीचा. तिनं कुणाला सांगितलं नाही. गाव म्हणालं असतं, कुणी करणी केली. चर्चमधल्या बायका म्हणाल्या असत्या, श्रद्धा कमी पडली. वेड हा शब्द तर कुणी उच्चारलाच नसता, फक्त लोक तिचं अंगण चुकवून गेले असते.

मग तिला कचासू सापडली. मक्याच्या कोंड्याची घरगुती दारू. दिसायला पाण्यासारखी निर्मळ, उतरायला निखाऱ्यासारखी. पहिल्या घोटानं आवाज दूर गेला, दुसऱ्यानं विरला. पुढे आवाज तर रोज परत येत राहिला, पण गाणं गेलं ते परतलं नाही. शाळा सुटली. चर्चची पहिली रांग सुटली. लोकांच्या नजरेला नजर देणं सुटलं.

आणि मग ती दुपार. लेक मायामिको तान्ह्याला आईच्या ओटीत ठेवून बाजारात गेली होती. सावलीत चटई, चटईवर बाळ, बाळाशेजारी तामांडा. हाक आली. ती प्यायली. ती झोपली. आणि सावली, जिला कुणाचंच देणंघेणं नसतं, हळूहळू सरकत निघून गेली. शेजारणीनं उचललं तेव्हा बाळ तापल्या वाळूवर होतं. रडून रडून कोरडं पडलेलं, इवल्या तळव्यांवर फोड आलेलं.

बाळ वाचलं. मायामिको एक शब्द बोलली नाही. तिनं बाळाला पाठीशी बांधलं, गाठ मारली आणि चालू लागली. शिवी दिली असती तर तामांडानं ती पदरात घेतली असती. त्या मुकेपणाचं काय करावं, हे तिला कळेना. ती आणखी प्यायली. किनाऱ्यावरच्या उलट्या नावेवर आदळून तिची पोटरी फाटली, चिघळली, आणि लोकांनी तिला इथं आणून टाकलं.

‘दारू पिता का?’ असं इस्पितळात विचारल्यावर तिनं मान हलवून नाही म्हटलं होतं. मी प्रार्थनेला जाणारी बाई आहे, असंही म्हटलं होतं.

पण देहाला खोटं बोलता येईना. आज उजाडताच तिचे हात वाळक्या पानांसारखे थरथरू लागले, चादर घामानं भिजली, आणि भिंतीवरून रुपेरी मासे पोहत गेले. सिस्टर चिसोमोनं ते थरथरणं पाहिलं. खाटेवर टेकून, आवाज अगदी खाली आणून ती म्हणाली, की दारू अशी एकाएकी बंद झाली की जीवही जातो. यावर औषध आहे, पण खरं कळल्याशिवाय देता येत नाही.

त्याच वेळी दारात मायामिको उभी राहिली. पाठ रिकामी. बाळ नव्हतं.

चिसोमोनं तिला बाहेर थांबायची खूण केली. तामांडानं तोंडावरचं वस्त्र खाली ओढलं. उजेड डोळ्यांत घुसला.

“राहू दे तिला,” ती म्हणाली. “मी पिते, सिस्टर. रोज पिते. हिच्याच लेकराला मी उन्हात टाकलं.” आणि मग, त्याहूनही हळू, “मला हिच्या बापाची हाक ऐकू येते. ती ऐकू येऊ नये म्हणून पिते.”

कुणी हसलं नाही. पलीकडच्या खाटेवरची म्हातारी कूस बदलून भिंतीकडे वळली. चिसोमो उठली, डॉक्टरांना सांगून औषध घेऊन आली, तिनं ते पाण्याबरोबर दिलं. हाक येणं हाही आजारच, तो झालेली माणसंही इथं येतात, बरी होतात, एवढं सांगून ती पुढच्या खाटेकडे गेली.

मायामिको खाटेच्या कडेवर बसली. “बाळाला आणलं नाही,” ती म्हणाली. “इतक्यात आणणारही नाही.”

तामांडानं मान डोलावली. ते न्याय्य होतं. ते जळत होतं, आणि न्याय्य होतं.

ऊन माथ्यावर आलं. सावल्या मिटल्या. एकाएकी तामांडाच्या बोटांनी चादर मुठीत धरली, डोळे खिडकीकडे वळले.

“आत्ता?” मायामिकोनं विचारलं.

तिनं होकार दिला.

“काय म्हणतात बाबा?”

इतक्या काळात हे कुणी विचारलं नव्हतं. “नाव. फक्त माझं नाव.”

मायामिकोनं खिडकीबाहेर पाण्याकडे पाहिलं. “मीही जाऊन बसते पाण्याकाठी,” ती म्हणाली. “कान लावून बसते. मला काहीच ऐकू येत नाही.”

तिनं आईचा हात हातात घेतला नाही. नुसती चुरगळलेल्या चादरीची कड सरळ केली. आणि दोघी तशाच बसल्या, एक ऐकत, एक ऐकण्यासाठी झुरत. खिडकीबाहेर, दूर पाण्यावरून, सरोवराच्या चिलटांचे थवे वर चढत होते. काळे, उंच, मंद, धुराच्या स्तंभांसारखे. धूर नुसता. खाली आग नव्हती. खाली केवळ पाणी होतं, अथांग, पांढरं, निःशब्द पाणी.