कलांद्रियाचा मुखवटा

"हनुवटी वर कर," एलिसेओ म्हणाला.

"सकाळपासून तिसऱ्यांदा मोजतोयस. माझं डोकं काय वेलावरचा भोपळा आहे, रोज वाढायला?"

"वर कर म्हटलं ना, तेंचा."

तेंचाने हनुवटी वर केली. त्याने टेप तिच्या कानामागून फिरवून हनुवटीखाली आणली आणि आकडा न बघताच सोडून दिली. आकडा त्याला पाठ होता. एकोणीस वर्षं तो या एकाच डोक्याचे मुखवटे शिवत होता. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सहाच्या सहा मापं त्याने घडाघडा सांगितली असती. पण आज हातांना काहीतरी काम हवं होतं.

शिवणयंत्रावर नवा पोशाख पसरला होता. पिवळंधमक, ताणलं जाणारं कापड, काखेपासून मनगटापर्यंत काळे पंख, पाठीवर सोडायचा टाचांपर्यंतचा शेला. कलांद्रिया म्हणजे हळद्या पक्षी. या नावाने आखाड्यात उतरणाऱ्या पैलवानणीला मेक्सिको शहरातलं शेंबडं पोरसुद्धा ओळखत होतं. बिस्किटांच्या पुड्यावर ती होती. पंधरवड्याला निघणाऱ्या चित्रांच्या मासिकात ती पुरातून माणसं उचलून नेई, चोरांना विजेच्या खांबाला बांधून ठेवी. आया आजारी लेकरं घेऊन आखाड्याच्या दाराशी उभ्या राहत, नुसता तिचा शेला लागावा म्हणून. आणि ती कलांद्रिया म्हणजे गल्लीतल्या बटणं-दोऱ्याच्या दुकानात बसणारी, अघळपघळ स्वेटर घातलेली तेंचा, हे एलिसेओखेरीज कुणालाही माहीत नव्हतं. मुखवट्यामागचं तोंड जगाने पाहायचं नाही, हा त्या धंद्याचा धर्मच आहे. तोंड दिसलं की पैलवान संपला. मग त्याने नाव सांगायचं, गाव सांगायचं आणि घरी जायचं.

तीन रविवारांपूर्वी तेच होता होता राहिलं. अलाक्राना नावाची नवी पोरगी, नावासारखीच विंचवीण. तिने कलांद्रियाला खाली पाडलं, मानेवर गुडघा रोवला आणि मागची नाडी उसवून मुखवटा भुवयांपर्यंत वर ओढला. कलांद्रियाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं म्हणून निभावलं. पंचांनी कुस्ती थांबवली, विंचविणीला हरल्याचं जाहीर केलं. तिला त्याचं काय? लोकांनी तिचं नाव घेतलं ना, झालं तर. तेव्हापासून एलिसेओचा घास घशाखाली उतरत नव्हता. त्यात तेंचाचं वय सेहेचाळीस. त्या गुडघ्यापासून तिचा डावा हात मधूनच बधिर होई. बोलत नसे, पण कालच तिच्या हातातून बटणांचा डबा सुटला होता.

"आज नको जाऊस," तो म्हणाला. "पाय मुरगळला म्हणून सांगतो मी."

"नोव्हेंबरपर्यंत, म्हाताऱ्या. वीस वर्षं पुरी होऊ देत. मग हा मुखवटा त्या फळीवर ठेव आणि मला बटणं विकायला बसव. मरेपर्यंत विकते."

तेवढ्यात दारातून कुकाबाई आत आली. शेजारी तिचा तामालेंचा ठेला. मक्याच्या पिठाच्या वाफेचा वास तिच्याआधी आत यायचा. साठीची विधवा, अंगावर कायम निळा काठ असलेली राखी शाल, आणि जिभेला हाड नाही. दर रविवारी ती ठेला बंद करून कुस्तीला जायची. आठवडाभराच्या शिव्या ती तिथे देऊन यायची, असं गल्लीत म्हणत.

"काय गं तेंचा, आजही तोलुकाला बहिणीकडे का?" ती म्हणाली. "नवरा दर रविवारी त्या कलांद्रियाच्या नाड्या बांधत बसतो आणि तू खुशाल मोटारीत बसून जातेस. बाई गं, तिची कंबर बघ आणि तुझी बघ. उद्या हा पळून गेला तर माझ्याकडे रडायला येऊ नकोस."

"नेऊ दे की तिला. याचं घोरणं तरी ऐकेल."

"आणि ही टेप कशाला तुझ्या डोक्याला?"

एलिसेओने घाईघाईने टेप गुंडाळली. तेंचा मात्र शांत होती. "तिचं नि माझं डोकं एकाच मापाचं आहे म्हणे."

"डोकं असेल एका मापाचं," कुकाबाई म्हणाली, "खालचं सगळं देवाने वेगळ्या दुकानातून आणलंय." आणि स्वतःच्याच बोलण्यावर पोट धरून हसली. "मी पहिल्या रांगेत आहे आज. विंचविणीने माझ्या पाखराला हात लावला तर शालीने गळा आवळीन तिचा."

ती गेली. तेंचा हसत होती. एलिसेओला हसू आलं नाही. त्याने नवा मुखवटा उचलून पिशवीत घातला. हा त्याने नेहमीसारखा शिवला नव्हता. खालून बोटं घालून ओढता येऊ नये म्हणून हनुवटी पूर्ण बंद केली होती आणि ओठांच्या जागी बारीक फट ठेवून आतून जाळी लावली होती. त्याचे उस्ताद मेलितोन सांगायचे, मुखवटा असा शीव आणि नाडी अशी बांध, की घालणाऱ्याचा हात एका हिसक्यात तो मोकळा करू शकेल. आपण तोंड लपवतो पोरा, श्वास नाही. एलिसेओने हे आयुष्यभर पाळलं होतं. आज पिशवीच्या तळाशी त्याने जोडे शिवायची जाड सुई आणि मेण लावलेला दोरा टाकला होता.

आखाड्यात दोघं वेगवेगळ्या वाटेने पोचली, नेहमीप्रमाणे. नाडी बांधायला शिंप्याला आत सोडत. खोलीत दोघंच होती. तेंचा पाटावर पाठमोरी बसली, त्याने मुखवटा चढवला, नाडी ओवली, आवळली. मग गाठीवरून चामड्याच्या पट्टीसकट त्याने टाके घालायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. सहा टाके. आता विंचविणीच्या बापालाही हे सुटणार नव्हतं.

"एवढा वेळ?" शेवटी तिने विचारलं.

"दुहेरी गाठ मारतोय."

"बरं." तिने मागे हात करून त्याची बोटं क्षणभर धरली. तिची बोटं गार होती. मग ती उठली आणि पंख पसरून बाहेर गेली. बाहेर छप्पर उडून जाईल असा गलका उठला.

तो तिसऱ्या रांगेत बसला. पुढे पहिल्या रांगेत कुकाबाईचा राखी अंबाडा हलत होता. तीन डावांची कुस्ती. पहिल्याच डावात विंचविणीने मागून नाडीला हात घातला. ओढली, पुन्हा ओढली, दात लावून ओढली. नाडी हलली नाही. लोक हसले, आणि एलिसेओने तीन आठवड्यांत पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला. चूक केली नाही आपण, त्याला वाटलं. पहिला डाव गेला, पण दुसरा कलांद्रियाने घेतला. लोक उभे राहिले.

तिसऱ्या डावात विंचविणीचं कोपर कलांद्रियाच्या नाकावर बसलं. मुद्दाम नव्हतं, झटापटीत बसलं. पिवळ्या कापडावर नाकापाशी एक ठिपका उमटला, मग तो ओठांच्या जाळीपर्यंत पसरला. कलांद्रिया रिंगणाच्या दोराला टेकली. तिचा उजवा हात डोक्यामागे गेला. बोटांनी गाठ चाचपली. एक हिसका दिला, दुसरा दिला. मग हात खाली आला.

एलिसेओला कळलं. सभोवती हजारो माणसं ओरडत होती. जाळी भिजली होती. ती श्वास घेत होती तो कापडातून, रक्तातून. थांब, तो म्हणाला, थांब ना गं. पण पंचांना कुस्ती थांबवायला सांगणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती कोपऱ्यातल्या खांबावर चढली. नेहमी चढायची तशी, पंख पसरायला. लोकांना तेच हवं असायचं. तिचा डावा हात दोरावरून सुटला आणि ती उडीच्या आधीच खाली आली, खांद्यावर आणि मानेवर.

ती उठली नाही. विंचवीण दोन पावलं पुढे आली, तिच्याकडे बघितलं आणि हात वर करून डॉक्टरला बोलावू लागली. वीस-बावीस वर्षांची पोर, चेहरा पांढराफटक पडलेला.

डॉक्टर गुडघ्यांवर बसला. एका हाताने मान धरून दुसऱ्याने मुखवट्याची नाडी शोधू लागला. "गाठ कुठे आहे हिची? हिला श्वास मिळत नाहीये. कात्री द्या."

"मुखवटा नका कापू," पंच म्हणाला. "एवढ्या लोकांत? एकोणीस वर्षांचा मुखवटा आहे तो. तिच्या माणसाला विचारा आधी."

"कोण तिचं माणूस?"

कुणालाच माहीत नव्हतं. सगळे एकमेकांकडे बघत होते, आणि आखाडाभर मोबाईल वर झाले होते. एलिसेओ दोराखालून आत आला तेव्हा त्याचा गुडघा कटकन वाजला. अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात तो पहिल्यांदाच रिंगणाच्या आत पाय ठेवत होता.

"मी तिचा शिंपी," तो म्हणाला.

"शिंपी नकोय, घरचं माणूस हवंय."

"मुखवटा माझ्या हातचा आहे. कुठे कापायचा ते मला माहीत आहे. तुम्ही मान धरा."

काखेतल्या पिशवीतली कात्री त्याने काढली. दुसरा हात मागे पसरला, कुणाकडेही न बघता. काहीतरी झाकायला द्या, एवढंही त्याच्या तोंडून निघालं नाही. त्या हातावर एक शाल येऊन पडली. त्याने ती तिच्या तोंडावर पसरली आणि स्वतःचं डोकंही तिच्याखाली घातलं. आत अंधूक होतं, मक्याच्या वाफेचा आणि रक्ताचा वास होता. त्याने टाक्यांना हातच लावला नाही. कानापासून हनुवटीपर्यंत स्वतःच्या शिवणीवरून कात्री चालवली आणि जाळी ओढून फेकली. डॉक्टरने शालीत हात घालून तिचं तोंड साफ केलं. काही झालं नाही. मग घशात काहीतरी घरघरलं.

"तेंचा," तो म्हणाला. "ए तेंचा. तेंचा, माझ्याकडे बघ."

त्याला वाटलं आपण मनात बोलतोय. शालीतून डोकं बाहेर काढलं तेव्हा समोर कुकाबाई होती. रिंगणाच्या काठावर कोपरं टेकून, शालीवाचून, हातभर अंतरावर. तिने ऐकलं होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली, मग शालीबाहेर आलेल्या त्या हाताकडे, जो तिला रोज सकाळी बटणांच्या दुकानातून सुटे पैसे देई.

मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "काय म्हणाला तो? नाव काय घेतलं?"

कुकाबाई गर्रकन वळली आणि तिने जी बोंब ठोकली, ती दारावरच्या तिकीटवाल्यालाही ऐकू गेली असेल. विंचविणीचा, तिच्या आईचा, पंचांचा आणि हा आखाडा बांधणाऱ्या गवंड्याचा तिने एका दमात उद्धार केला. खुर्चीवर चढली. आजूबाजूच्या बायांना तिने बरोबर घेतलं. सगळा आखाडा शिव्या देऊ लागला, आणि त्या गदारोळात शालीने तोंड झाकलेली झोळी बाहेर गेली.

मानेच्या मणक्याला तडा, खांद्याचं हाड मोडलेलं. चालता येईल, डॉक्टर म्हणाले, हातही येईल बराचसा. कुस्ती विसरायची. चौथ्या दिवशी नाकातली नळी निघाली तेव्हा एलिसेओ खुर्ची ओढून खाटेजवळ बसला. चार दिवस तो नीट जेवला नव्हता.

"मी टाके घातले होते," तो म्हणाला. "दुहेरी गाठ नव्हती ती. मेणाच्या दोऱ्याचे सहा टाके. मी तुला मारत होतो, तेंचा."

तेंचा छताकडे बघत होती, मान वळवता येत नव्हती तिला. "माहीत होतं."

"कसं?"

"सुई दोनदा डोक्याला लागली, म्हाताऱ्या. तुझा हात कापत होता. मी म्हणू शकले असते, उसव म्हणून. नाही म्हटलं. मलाही भीती वाटत होती रे. मरायची नाही. ते तोंड दिसायची."

त्याने तिचा हात हातात घेतला. दोघंही रडली, आवाज न करता, कारण शेजारच्या खाटेवरच्या बाईकडे लोक भेटायला आले होते.

अकराव्या दिवशी टॅक्सी गल्लीत शिरली. तेंचाच्या मानेला पट्टा, हात गळ्यात, नाक सुजलेलं. गल्लीतल्या प्रत्येकाने ती कुस्ती पाहिली होती, ज्यांनी नव्हती त्यांनी मोबाईलवर पाहिली होती, आणि कलांद्रियाचं कुठलं हाड मोडलं ते पेपरात छापून आलं होतं. दोन बाया दारात आल्या. एकीने तोंड उघडलंच होतं.

"आली का बाई," कुकाबाई ठेल्यावरून गरजली. "तोलुकाच्या बहिणीला म्हणावं, आधी जिना नीट कर, मग पाहुणे बोलव. आणि तू गं, या वयात अंधारात जिने उतरतेस? अकरा दिवस झाले, मी सगळ्यांना सांगून सांगून थकले. काय बघताय? माणूस पडलेलं पाहिलं नाही का कधी?"

बाया आत गेल्या.

कुकाबाईने कोंबडीच्या रश्श्याचं पातेलं आणून आत ठेवलं. तेंचाच्या पाठीशी उशी लावली, पट्टा सरळ केला. कलांद्रियाचं नाव तिने काढलं नाही. जाताना तिने एवढंच विचारलं, "माझी शाल?"

त्याने ती तीनदा धुतली होती. मीठ लावून, लिंबू लावून. डाग फिका झाला होता, पण निळ्या काठाजवळ तळहाताएवढा राहिलाच होता. "नवी शिवून देतो," तो म्हणाला. "याच रंगाची."

"नवी कशाला?"

तिने शाल झटकली, डाग आतल्या अंगाला येईल अशी दुमडून खांद्यावर घेतली आणि ठेल्यावर जाऊन बसली. संध्याकाळच्या गिऱ्हाइकांची वेळ झाली होती.