सात नंबरच्या मेजावरचा माणूस

शेवटी ओबर्ले कंपनीने ती तीनशेच्या तीनशे घड्याळं जगभरातून परत मागवली, वितळवली, आणि सात नंबरचं मेज तळ्यावरच्या बर्फाला भोक पाडून आत सोडून दिलं.

तर असं काहीही झालेलं नाही. तो विषय सोडा.

झालं ते एवढंच, की ओबर्लेला एकशे चाळीस वर्षं पुरी होत होती आणि नवं काही सुचत नव्हतं. अशा वेळी घड्याळवाले जे करतात ते त्यांनी केलं. जुनं उकरून काढलं. १९५८ सालचं एक पातळ, रुपेरी तबकडीचं घड्याळ संग्रहालयाच्या काचेबाहेर आलं. जिनिव्हाहून आलेला चौतीस वर्षांचा संचालक लोईक बेर्ते म्हणाला, "हुबेहूब हवं." यंत्राने ते घड्याळ आतून-बाहेरून टिपलं आणि तशी तीनशे नवी तयार झाली. पाठच्या झाकणाच्या आतल्या बाजूचं काय करायचं, हे कुणी विचारलं नाही. यंत्राला तर विचारायची सवयच नव्हती.

आमच्या या घड्याळवाल्यांच्या दरीत झाकणाची आतली बाजू म्हणजे गंमत नव्हे. घड्याळ दुरुस्त करणारा ते बंद करण्याआधी आत सुईने स्वतःची खूण ओरखडतो आणि तारीख घालतो. अर्थ असा, की इथून पुढे याचं काही बिघडलं तर मला विचारा. तक्रार आली की झाकण उघडायचं, सगळ्यात शेवटची खूण कुणाची ते बघायचं, आणि घड्याळ त्याच्या मेजावर नेऊन ठेवायचं. मूळ घड्याळात अशा अकरा खुणा होत्या. जिनिव्हाच्या माणसांना ती नक्षी वाटली. तीनशे झाकणांत अकराच्या अकरा खुणा जशाच्या तशा उतरल्या, आणि त्यांतली शेवटची होती मासे धरायचा गळ. शेजारी 'जुलै ९४'.

गळ ही अर्मांद रोशाची खूण. सिल्वियान रोशाचा बाप. तो सात नंबरच्या मेजावर बसून हेच घड्याळ दुरुस्त करून, झाकण लावून, मान खाली घालून बसल्या जागीच वारला. शेजारच्यांना वाटलं बारीक काम चाललंय, म्हणून तासभर कुणी हाक मारली नाही. निवृत्तीला चार वर्षं उरली होती. होडी रंगवून तयार होती.

सिल्वियान आता सत्तावन्न वर्षांची होती आणि त्याच दालनात, चार नंबरवर बसायची.

जानेवारीत पहिलं घड्याळ परत आलं. ओसाकाच्या एका दातांच्या डॉक्टरांचं, रोज चार मिनिटं मागे पडत होतं. तक्रारी घेणाऱ्या गिल्बेर्तने झाकण उघडलं, गळ पाहिला, आणि तीस वर्षांपूर्वीच्या सवयीने चिठ्ठीवर 'अर्मांद' लिहून ते सात नंबरवर ठेवलं. मग कपाळावर हात मारून घेतला. पण पावणेबारा वाजले होते, आणि दरीत पावणेबाराला माणूस हातातलं बाळसुद्धा खाली ठेवून जेवायला जातो. सव्वाला ती परतली तर घड्याळ चालू होतं. तपासणीच्या यंत्रावर लावलं, एका सेकंदाचाही फरक नाही.

मेजावर एरवी सायक्लॅमेनच्या फुलांची कुंडी असायची, उजवीकडे. ती आता डावीकडे सरकलेली होती. अर्मांद डावखुरा नव्हता; उजवीकडे त्याला मोकळी जागा लागायची.

"तू केलंस?" गिल्बेर्तने विचारलं.

"मी खाली भाजी-सॉसेज खात होते. तूच समोर होतीस," सिल्वियान म्हणाली. तिने मेजावरचं भिंग उचललं. त्याची कड ऊबदार होती, डोळ्याला लावून आत्ताच काढल्यासारखी.

फेब्रुवारीत नऊ आली, मार्चमध्ये एकतीस. सगळी चार मिनिटं मागे पडणारी, कारण काचेत तीस वर्षं पडून मूळ घड्याळही तसंच मागे पडू लागलं होतं, आणि नक्कल हुबेहूब होती. सगळी पावणेबाराला सात नंबरवर जायची आणि सव्वाला चालू असायची. सात नंबरच्या मागून जाताना दालनातला प्रत्येक जण "जरा सरकतो हं," म्हणू लागला.

"जिवंतपणी दिवसाला दोन व्हायची गं त्याची," गिल्बेर्त म्हणाली. "मेल्यावर हात बसला बघ."

"गिल्बेर्त."

"स्तुती करतेय! तोंडावर कधी केली नाही, राहून गेली होती."

एकदा सिल्वियान जेवायला गेलीच नाही. तिने सात नंबरसमोर स्टूल ओढलं. खिडकीबाहेर बर्फावर ऊन पडलं होतं आणि दालन इतकं उजळलेलं, की कोपऱ्यातसुद्धा सावली नव्हती. मेजावर सहा घड्याळं उघडी होती.

"पापा," ती म्हणाली, "पुरे आता. ही तुमची नाहीत. तुमची खूण यांनी न विचारता छापलीय."

काही हललं नाही. पाच मिनिटांनी बारका स्क्रू-ड्रायव्हर मेजावर सावकाश घरंगळत तिच्या बाजूला आला आणि कडेला थांबला. ती पोरवयात त्याच्याकडे शिकत होती तेव्हा अर्मांद तो असाच सरकवायचा. बसलीच आहेस तर धर. तिने धरला. मग रिकाम्या खुर्चीतून एक दमलेला श्वास आला. अगदी साधा, दुपारचा. तिने सहाही घड्याळं स्वतः केली आणि हात धुवायला गेली. परत आली तेव्हा ती सहाही पुन्हा उघडून, पुन्हा लावून ठेवलेली होती.

दुसऱ्या दिवशी ती लोईककडे गेली. लोईकने आल्या दिवशीच फर्मान काढलं होतं, की ओबर्लेत सगळ्यांनी एकमेकांना अरेतुरे करायचं. सिल्वियान त्याला साहेबही म्हणायची आणि तूही: 'मस्यू बेर्ते, तू'.

"मस्यू बेर्ते, तू पुढच्या घड्याळांतून त्या खुणा पुसून टाक."

"पुसू? अगं, गिऱ्हाईक वेडं झालंय त्यांच्यावर! म्हणून तर दुसरी मालिका काढतोय. एक हजार!"

"ती माझ्या वडिलांची खूण आहे. हजार घड्याळं त्यांच्याकडे येतील."

"मग चांगलंच की. सरासरी तेरा मिनिटांत दुरुस्ती. असा माणूस आपल्याकडे दुसरा आहे?"

"ते वारलेत."

लोईकने संगणकात पाहिलं. "इथे 'बाहेरील तज्ज्ञ' दिसतंय," तो समजुतीने म्हणाला. "वारलेत असा रकाना नाही."

बुधवारी मूळ घड्याळ पुन्हा यंत्राखाली जाणार होतं. सकाळी सिल्वियानने ते मागून घेतलं, धूळ पाहते म्हणाली, आणि झाकण उघडून गळाच्या खाली आपली खूण ओरखडली. शंकूच्या आकाराचं एक झाड, आणि त्या दिवसाची तारीख. आता शेवटची खूण तिची. हजारच्या हजार घड्याळं चार नंबरवर येतील, ती असेपर्यंत, आणि नंतरही. तिने हिशेब करून पाहिला होता आणि तो तिला मान्य होता. पापा मासे धरायला मोकळे; तिला मासेमारी कधीच आवडली नव्हती.

पावणेबाराला घड्याळ मेजावर ठेवून ती जेवायला गेली. गोड पदार्थसुद्धा घेतला.

दोन वाजता दालनातच, लोईक आणि सिल्वियानसमोर, यंत्रवाल्याने झाकण उघडलं. झाडाच्या खाली, ताज्या चकचकीत रेघांत, गळ होता. आणि आजची तारीख.

सिल्वियानला भीती नंतर वाटली, आधी संताप आला. शिकत होती ती चार वर्षं तिने लावलेलं एकही झाकण अर्मांदने पुन्हा उघडल्याशिवाय बाहेर जाऊ दिलं नव्हतं. तिच्या प्रत्येक खुणेखाली आपली घालायचा. पोरीचं काम आहे, बघितलेलं बरं.

"सत्तावन्न वर्षांची आहे मी!" ती सात नंबरच्या खुर्चीकडे बघून ओरडली.

खुर्ची थोडी मागे सरकली, माणूस काम संपवून सरकवतो तेवढीच.

"तेरा खुणा!" लोईक हरखून म्हणाला. "वारसा अजून जिवंत आहे! घ्या टिपून."

यंत्राने टिपून घेतलं.

संध्याकाळी सिल्वियानने कर्मचारी विभागाला अर्ज दिला. विभागाने तो आवक नोंदवून, 'रकाना उपलब्ध नाही' असा शेरा मारून तिलाच परत केला. तिने त्याच मजकुराचा दुसरा दिला. आता ती दर बुधवारी देते.

'प्रति, कर्मचारी विभाग. विषय: कर्मचारी क्रमांक ४१२, श्री. अर्मांद रोशा, यांच्या निवृत्तीबाबत. महोदय, सदर कर्मचारी जुलै १९९४ मध्ये कामावर असताना मृत झाले असून त्यानंतरही जेवणाच्या सुट्टीत विनाखंड सेवा देत आहेत. तरी विनंती की त्यांना मृत्यूच्या दिनांकापासून पूर्वलक्षी प्रभावाने सेवानिवृत्त करण्यात यावे, साठलेली रजा एकरकमी मंजूर करण्यात यावी, आणि सदर निर्णय विभागाच्या एखाद्या वरिष्ठ अधिकाऱ्याने, दुपारी पावणेबारा ते सव्वा या वेळेत, सात नंबरच्या मेजासमोर उभे राहून त्यांना समक्ष, मोठ्याने व स्पष्ट शब्दांत कळवावा. अर्जदार त्यांची मुलगी असल्याने ते अर्जदाराचे ऐकत नाहीत.'