भट्टीच्या दारातून परत आलेली फियाट

सुगनचंद शेठजींच्या कारखान्यात भंगार वितळवून सळ्या तयार होतात. भंगार पूर्वी हैदराबादहून यायचं, आता कंटेनरमधून थेट युरोपातून येतं. तिकडच्या माणसाला एखादी वस्तू नकोशी झाली की ती समुद्र ओलांडून जालन्याला येते आणि इथल्या कुणाच्या तरी स्लॅबमध्ये कायमची जाऊन बसते. याला जागतिकीकरण म्हणतात, असं शेठजींच्या मुलाने, श्रेणिकने, एकदा जेवताना सांगितलं होतं. शेठजी म्हणाले, "याला धंदा म्हणत्यात. दाल वाढ."

श्रेणिक पुण्याहून एमबीए होऊन आलेला. कारखान्यात त्याच्या केबिनवर 'डायरेक्टर' अशी पितळी पाटी होती. दिवाळीला कुणाला कोणत्या मिठाईचा डबा पाठवायचा, हे तो डायरेक्ट करायचा. बाकी सगळं बाबूजी, म्हणजे शेठजी, बघायचे. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि त्याच्या बायकोला, शिखाला, नवरा कारखान्यात नेमकं काय करतो हे अजून कुणाला नीट सांगता आलेलं नव्हतं.

त्या दिवशी केबिनचा एसी बंद पडला म्हणून श्रेणिक बाहेर आला, आणि भंगाराच्या ढिगापाशी उभा राहिला. क्रेनच्या चुंबकाने ढिगातून काहीतरी उचललं. एक लहानशी गाडी होती. इंजिन नाही, चाकं नाहीत, काचा नाहीत, एक बाजू पार चेपलेली. पण गोलसर पाठ आणि समोरचे दोन डोळे शाबूत होते. श्रेणिकने ती लगेच ओळखली. लग्नानंतर रोमला गेला होता तेव्हा अशाच एका गाडीचे त्याने ढीगभर फोटो काढले होते. त्यांतल्या दोन-तीन फोटोंत शिखाही होती. ती हे अजून विसरलेली नाही.

"थांबवा," श्रेणिक म्हणाला.

क्रेन थांबली. कारखान्यात त्याचा हुकूम मानला गेल्याची ही पहिली वेळ. क्रेनवाल्यालाही चहाला जायचंच होतं.

थोड्या वेळाने शेठजी आले.

"काय हाय हे?"

"बाबूजी, ही फियाट पाचशे. इटलीची."

"फियाट तं आपल्या मामाकडं होती. हिच्या दुप्पट होती ती. ही काय धुतल्यावर आकसली का?"

"ती वेगळी. ही तिकडं शहरातल्या लहान गल्ल्यांसाठी बनवली होती. ही नुसती गाडी न्हाई बाबूजी, हा इतिहास हाय."

शेठजींनी गाडीभोवती एक फेरी मारली, पत्र्यावर बोटाने टकटक केलं आणि विचारलं, "इतिहासाचं वजन किती भरंल?"

घरी हा विषय गेला तेव्हा श्रेणिकची आई चंदनबाई मध्ये पडली. "पोरानं लहानपणापासून कधी काही मागितलं न्हाई," ती म्हणाली.

"एमबीए मागितलं होतं," शेठजी म्हणाले. पण गाडी ठेवून घ्यायला त्यांनी परवानगी दिली. ती वितळवून त्यांच्या एकूण मालात काही भर पडणार नव्हती, आणि मुलगा निदान ऑफिसातून बाहेर तरी राहील असा हिशेब त्यांनी केला असावा.

इतिहास म्हटला की इतिहासाचा माणूस हवा. श्रेणिकने केशव सरांना गाठलं. सर कॉलेजात इतिहास शिकवायचे. निजामाच्या काळातला जमीन महसूल हा त्यांचा खास विषय, आणि त्यावर बोला अशी विनंती त्यांना आजवर कुणी केलेली नव्हती. इटालियन गाडीवर पुस्तिका लिहून द्याल का, असं एका डायरेक्टरने विचारल्यावर सरांनी 'बघतो' म्हणायला जेमतेम एक क्षण घेतला. आठवडाभरात ते या विषयातले मराठवाड्यातले सर्वांत मोठे जाणकार झाले. दुसरा कुणी नव्हताच.

"युद्ध संपलेलं," सर शेठजींच्या दिवाणखान्यात बसून सांगू लागले, "लोकांकडे पैसा नाही. सगळा देश स्कूटरवर. एका स्कूटरवर नवरा, बायको, पुढे पोर आणि हँडलला भाजीची पिशवी."

"म्हंजे आपल्या नव्या जालन्यासारखंच," चंदनबाई म्हणाली.

"अगदी बरोबर. तर या माणसांना स्कूटरवरून उतरवून चार चाकांत बसवायचं, असं कंपनीने ठरवलं. सत्तावन्न साली ही गाडी आली. लांबी तीन मीटरसुद्धा नाही. इंजिन मागे, तेही दोन सिलिंडरचं आणि वाऱ्यावर थंड होणारं. ताकद तेरा घोड्यांची. पण पहिल्या गाडीत दाराच्या काचा खाली होत नव्हत्या, आणि मागे धड बसायला सीट नव्हतं. लोकांनी येऊन पाहिली आणि स्कूटरवर बसून घरी गेले."

"शहाणे लोक," शेठजी म्हणाले.

"मग कंपनी जागी झाली. काचा खाली होऊ लागल्या, मागे सीट आलं, किंमत उतरली. त्यानंतर जी विकली गेली ती लाखांनी. आणि यातली खरी गंमत म्हणजे छप्पर. छप्पर कापडाचं, गुंडाळून मागे सारायचं. वजन कमी आणि पोलादाची बचत."

शेठजी उठले. "पोलाद वाचवणाऱ्या माणसाची गाडी माझ्या घरात नको," असं म्हणून ते आत गेले. सरांना हा विनोद वाटला. तो नव्हता.

गाडी चालती करायचं काम कडूबाकडे गेलं. घनसावंगी रस्त्यावर त्याचं गॅरेज होतं आणि माल वाहणाऱ्या तीनचाकी रिक्षा हा त्याचा धंदा. आपल्याला येत नाही अशी गोष्ट जगात आहे, हे कडूबाला मान्य नव्हतं. त्याने गाडीच्या मागच्या रिकाम्या खोक्यात डोकं घातलं.

"इंजिन मागं होतं का? मंग ही रिक्षाच हाय की, शेठ. येक चाक जास्तीचं."

त्याने चेपलेली बाजू ठोकून काढली, चाकं बसवली, छपराला नवं कापड लावलं आणि मागे मालरिक्षाचं डिझेल इंजिन टाकलं. केशव सरांनी ऐतिहासिक शुद्धतेचा मुद्दा काढला. कडूबाने तो ऐकून घेतला आणि पाना मागितला. खरा वाद झाला तो दारांवरून. या जुन्या गाडीची दारं उलटी उघडायची, बिजागऱ्या मागच्या बाजूला. कडूबाला वाटलं तिकडच्या कामगाराने चूक केली, म्हणून त्याने ती सुलटी करून टाकली. सरांनी पुस्तकातला फोटो दाखवून पुन्हा उलटी करायला लावली. या ओढाताणीत मूळ कड्या मोडल्या, तेव्हा कडूबाने घरच्या लोखंडी कपाटाची कडी काढून आणून बसवली. "आता हे दार तुमच्या बापजन्मी आपोआप उघडणार न्हाई," तो अभिमानाने म्हणाला. त्याचं हे म्हणणं तंतोतंत खरं ठरलं.

लोकार्पण सोहळा कारखान्याच्या आवारात झाला. गाडी कोणत्या लोकांना अर्पण होणार होती ते पत्रिकेत नव्हतं, पण मांडव होता, समोसे होते आणि प्रमुख पाहुणे म्हणून साहेबराव नाना होते. नाना एकेकाळी व्यापाऱ्यांच्या कुठल्याशा मंडळाचे अध्यक्ष होते, आणि तेव्हापासून प्रमुख पाहुणे हेच त्यांचं काम होतं. अंगाने ते भरभक्कम. केशव सर दहा मिनिटं बोलणार होते. ते सत्तावन्न सालात पोचेपर्यंतच समोसे गार झाले. गाडी बंद कधी झाली आणि त्याच नावाची नवी गाडी दोन हजार सातमध्ये कशी आली, हे ऐकायला पहिल्या रांगेत चंदनबाई आणि एक डुलकी घेणारे व्याही, एवढेच जागेवर होते.

मग नाना गाडीत बसले. बसले म्हणजे त्यांना बसवलं. श्रेणिकने चावी फिरवली आणि युरोपची ती नाजूक वस्तू भोकरदन नाक्यावरच्या रिक्षासारखी धडधडू लागली. आवाराची एक फेरी ठरली होती. पण वळणावर ब्रेक जरा उशिरा लागला आणि गाडी उघड्या फाटकातून बाहेर रस्त्यावर गेली. तिथे पिशवी घेऊन उभ्या असलेल्या एका बाईने हात केला.

"मोतीबागेला जाती का?" तिने विचारलं.

"न्हाई बाई, ही इटलीची हाय," श्रेणिक म्हणाला.

"मंग जाऊ द्या," ती म्हणाली आणि मागच्या रिक्षाला हात केला.

परत येऊन गाडी मांडवासमोर थांबली, तेव्हा नानांच्या बाजूचं दार उघडेना. कडूबाने बाहेरून ओढलं, श्रेणिकने आतून ढकललं. शेवटी केशव सरांनीच वरचं कापड गुंडाळायला सांगितलं. हवा तरी मिळेल, एवढाच त्यांचा हेतू होता. पण कापड मागे सरताच नाना उभे राहिले. छपरातून कमरेपर्यंत वर आले. आपण मिरवणुकीच्या उघड्या जीपमध्ये आहोत असं त्यांना वाटलं असावं, कारण त्यांनी हात जोडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नाना म्हणाले, "अजून येक राउंड होऊ द्या." तसेच उभे राहून त्यांनी आणखी एक फेरी मारली. नंतर त्यांना शिडी लावून उतरवलं, पण तो फोटो कुणी पाठवला नाही. सगळ्या ग्रुपवर हात जोडलेलाच फोटो फिरला.

श्रेणिकच्या आयुष्यातला तो सर्वांत आनंदाचा दिवस होता. पुढच्या रविवारी शिखाला घेऊन पिंपळगाव रेणुकाईपर्यंत याच गाडीतून जायचं, असं त्याने ठरवलं. शिखाही हो म्हणाली होती. पण रस्त्यावर आणायची तर नंबर हवा. त्यासाठी प्रेम नावाचा आरटीओचा एजंट आला. प्रेमने कागद पाहिले, गाडी पाहिली आणि पुन्हा कागद पाहिले.

"शेठ, ह्या गाडीला नंबर भेटणार न्हाई. कागदावर ही गाडी न्हाईच. हे भंगार हाय."

"पण समोर उभी हाय ना."

"समोर असंल. कागदावर न्हाई."

श्रेणिक संध्याकाळपर्यंत गाडीत बसून राहिला. शेठजी काठी टेकत तिथे आले. गुडघे दुखायचे, तरी रोज एकदा भट्टीपासून सळ्या लाटणाऱ्या रोलिंग मिलपर्यंत चालत जाऊन ते सगळ्यांना रागवून यायचे.

"झाली हौस?" ते म्हणाले. "उद्या टाकू भट्टीत."

"न्हाई, बाबूजी."

शेठजी थांबले. हा शब्द कारखान्यात त्यांनी फार वर्षांत ऐकला नव्हता. "न्हाई म्हंजे?"

"न्हाई म्हंजे न्हाई. वितळवायची न्हाई." श्रेणिक गाडीतून उतरला नाही. "आजपर्यंत तुम्ही म्हणले तसं केलं. मिठाईचे डबे वाटले. ही येक गोष्ट मी हातानं उभी केली. कडूबानं केली, पण मी केली. हिला हात लावायचा न्हाई."

"मंग काय करायचं हिचं?"

एवढा पुढचा विचार श्रेणिकने केला नव्हता. 'नाही' म्हटल्यावर बाबूजी काही विचारतील अशी त्याची अपेक्षाच नव्हती. शेठजी उभेच होते. मग गुडघा बोलू लागला असावा, कारण त्यांनी काठी आत टाकली आणि शेजारी बसले.

"मिलपर्यंत घे," ते म्हणाले. "दार लावू नको."

मिलपर्यंत गेले. तिथून शेठजींनी गोदामाकडे बोट दाखवलं, मग वजनकाट्याकडे, मग कँटीनकडे. गुडघ्यांमुळे कँटीनपर्यंत ते कित्येक महिने गेले नव्हते. तिथे चहा कसला देतात ते त्यांनी त्या दिवशी पाहिलं आणि ठेकेदाराला बोलावून घेतलं. परत येताना ते म्हणाले, "कागदावर भंगार हाय ना? मंग भंगार आपल्या आवारात कुठं बी ठेवता येतं. हे जरा फिरतं भंगार हाय, एवढंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रेणिक चावी शोधू लागला. चावी शेठजींच्या खिशात होती.

तेव्हापासून गाडी शेठजींकडे आहे. पूर्वी ते काठी टेकत गुपचूप मागे येऊन उभे राहायचे. आता त्यांची स्वारी निघाली की इंजिनाचा आवाज सबंध आवारात जातो आणि ती पोचेपर्यंत जो तो कामाला लागलेला असतो. कारखान्यातली शिस्त एकदम सुधारली, याचं श्रेय शेठजी इटालियन तंत्रज्ञानाला देतात. कामगारांनाही गाडी फार आवडते.

केशव सरांच्या पुस्तिकेची सुधारित आवृत्ती निघाली. पहिल्या आवृत्तीत गाडी श्रेणिकने ओळखली होती. दुसरीत ती 'द्रष्टे उद्योजक सुगनचंदजी यांच्या जाणत्या नजरेने हेरली', आणि 'या प्रसंगी चिरंजीव श्रेणिकही उपस्थित होते'. श्रेणिकने सरांना फोन केला. सर म्हणाले, "नवीन साधनं उपलब्ध झाली की इतिहासाचं पुनर्लेखन करावंच लागतं." कोणती साधनं, ते श्रेणिकने विचारलं नाही.

परवा सुरतेहून एक गिऱ्हाईक आलं होतं. शेठजींनी त्याला शेजारी बसवलं आणि श्रेणिकला मागे कोंबलं. श्रेणिकचे गुडघे हनुवटीला टेकले होते. सोबत आला तो एवढ्यासाठी, की पितळी पाटीखालच्या खुर्चीत बसण्यापेक्षा हे बरं वाटत होतं, आणि आदल्या रात्री जेवताना बाबूजींनी त्याला विचारलं होतं की ही गाडी तिकडं नेमकी किती साली निघाली.

"ही गाडी साठ साली निघाली," शेठजी गिऱ्हाइकाला सांगत होते.

"सत्तावन्न, बाबूजी," श्रेणिक मागून म्हणाला.

शेठजींनी गिअर टाकला. "सत्तावन्न," ते म्हणाले. "हा माझा मुलगा. गाडीचं सगळं हाच बघतो."