मागून बसणारी गाडी

रबराचा तो ठोकळा त्याच्या तळहातावर होता – लिंबाएवढा, एका अंगाने चेपलेला, काठाचे लचके तुटलेले – आणि त्याला वाटलं, हा आपणच चावला असणार, झोपेत. गॅरेजचा मिस्त्री काहीतरी सांगत होता. शब्द कानांपर्यंत येत होते आणि तिथेच उभे राहत होते.

"ऐकताय ना साहेब? ओझ्यानं गाडी मागून पार बसली की लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून हा मधे असतो. शेवटचा आधार. तुमच्या गाडीनं तो पण खाल्ला."

"मग?"

"मग काय! ओढता तरी काय एवढं?"

त्याने हनुवटीने फाटकाबाहेर दाखवलं. ट्रेलरवर निळ्या ताडपत्रीखाली बोट उभी होती. मिस्त्रीने आधी बोटीकडे पाहिलं, मग जॅकवर चढवलेल्या त्याच्या गाडीकडे – बायकोला कामावर सोडायला आणि भाजी आणायला घेतलेली, दिसायला उंच पण अंगाने बारकी गाडी – आणि तो मोकळेपणाने हसला.

"नाकापेक्षा मोती जड झाला की हो!"

काल तलावाच्या उतारावर हेच झालं होतं. मागचा भाग इतका दबला की गाडीचं नाक वर उचललं गेलं, स्टिअरिंग हातात खेळण्यातल्यासारखं हलकं झालं, काचेतून रस्त्याऐवजी आभाळच जास्त दिसायला लागलं – आणि मग ट्रेलरने शेपूट हलवायला सुरुवात केली, आधी लाडात आल्यासारखी, मग जोरात, डावीकडे, उजवीकडे, गाडीलाही बरोबर घेऊन… त्याने ब्रेक दाबला नाही. अशा वेळी ब्रेक दाबायचा नाही, पाय हळूच काढून घ्यायचा, हे त्याला धाकट्या भावाने शिकवलं होतं, शेजारच्या सीटवर नखं कुरतडत बसून म्हणाला होता, "दादा, तू घाबरलास की ती ओळखते बघ." ती म्हणजे बोट. बोटीबद्दल बोलताना धाकट्याचा आवाजच बदलायचा. त्याची बायको म्हणायची, सवत परवडली, ती निदान घरात तरी राहिली असती.

आणि ही तीच बोट. धाकटा पहाटे एकटाच मासे धरायला गेला होता. ही सापडली, पालथी, तलावाच्या मधोमध, आणि तो सापडला नाही. शोधपथक आलं, पाणबुडे उतरले, काठावर माणसं जमली आणि पांगली, आणि एके दिवशी पथकाने आपले दोर गुंडाळले. "आम्ही आमच्या परीने…" असं म्हणून त्यांच्या म्होरक्याने वाक्य तिथेच सोडून दिलं होतं. ते वाक्य तेव्हापासून तसंच अर्धं पडून होतं, आणि ते पुरं करायला तो रोज जात होता. धाकट्याची दांडगी गाडी कंपनीची, ती कंपनीने परत नेली, उरली ही. आणि उद्या सकाळी तलावाच्या धरणाचे दरवाजे उघडायचे होते. काल चौकीदाराने सांगितलं – हवापाण्याबद्दल बोलावं तसं सहज. दरवाजे उघडले की पाणी नदीला, नदी पुढे कुठल्या कुठे… म्हणजे आजचाच दिवस होता.

"दुपारपर्यंत झाली पाहिजे," तो म्हणाला.

"होईल की. स्प्रिंगच्या पोटात हवेचे फुगे बसवतो. दणकट असतात. ओझं असलं की हवा भरायची, नसलं की सोडायची. शॉकपही जाड टाकतो. पण साहेब, यानं गाडी सरळ उभी राहील, ताकद वाढायची नाही तिची. इंजिन तेच, ब्रेक तेच. उतारावर जपून."

"चालेल."

मिस्त्री गाडीखाली शिरला. आता त्याचे फक्त पाय दिसत होते, आणि आवाज पायांकडून आल्यासारखा येत होता.

"मासे बरे मिळत असतील तिकडे?"

"अजून नाही मिळाला."

"एकही नाही?"

"एकच आहे."

हे आपण का बोललो, त्याला कळलं नाही. गाडीखालून हसू आलं. "म्हणजे मोठा दिसतोय! असला मासा दमवतो बरं का. पण सोडू नका त्याला."

"नाही सोडणार," तो म्हणाला आणि हसला. हसलो मी. त्या माणसाच्या बरोबरीने, तोंडभर… हसणं संपल्यावर तोंड मिटेना, गाल तसेच ताणलेले राहिले, आणि मी भिंतीकडे वळून तिथे टांगलेले पाने बघत राहिलो – लहानापासून मोठ्यापर्यंत, एकाच कुटुंबातले फोटोला उभे राहिल्यासारखे.

बाकावर बसल्यावर सकाळची बायको आठवली. दारात आडवी उभी नव्हती राहिली ती, तसा तिचा स्वभाव नाही, बुटांची नाडी बांधत तो वाकला होता तेव्हा त्याच्या पाठीला म्हणाली, "एकाला शोधता शोधता दुसरा जायचा." त्याने नाडीला दुसरी गाठ मारली. रोज संध्याकाळी परत आल्यावर ती ताट वाढायची आणि काही विचारायची नाही, फक्त त्याच्या हातांकडे बघायची, हातांना काही लागलंय का, कसला वास… आणि तो हात धुऊन पुन्हा धुवायचा.

फोन वाजला. धाकट्याची बायको.

"भाऊजी, निघालात?"

"गाडीचं काम चाललंय. होईल आता."

तिच्या मागे कुकरची शिट्टी झाली, आणि ती शिट्टी ऐकून त्याला कसलासा धक्का बसला – तिकडे अजून स्वयंपाक होतो, डाळ शिजते, कोणीतरी मीठ घालतं.

"एक सांगू?" ती म्हणाली. "आज… काही झालं तर फोन नका करू. तुम्ही स्वतः या. आणि आल्या आल्या बोलू नका. आधी आत या, बसा, पाणी प्या. उशीर झाला तरी चालेल मला."

"बरं."

"खूप उशीर झाला तरी चालेल, भाऊजी."

तिने फोन ठेवला. तो नुसता हातातल्या काळ्या पडद्याकडे बघत राहिला. इतक्या दिवसांत त्याने पाण्यापलीकडचा विचार केलाच नव्हता. गळ टाकायचा, ओढायचा, गाळ आणि झाडांची मुळं, पुन्हा टाकायचा. हाताला जड लागलं की काळीज थांबायचं, आणि वर यायची फांदी. पण फांदी नसली तर? मग त्या दारात जायचं, आत बसायचं, पाणी प्यायचं… ते पाणी घशाखाली कसं उतरवायचं?

"या साहेब, बघा!" गाडी जमिनीवर उतरली होती. मिस्त्रीने पंपाने हवा भरली तेव्हा मागचा भाग आधी नको तितका उचलला गेला, तशी थोडी हवा सोडली, मग ट्रेलर अडकवून पाहिला. गाडी बसली, पण थोडीशीच. मिस्त्री चार पावलं मागे गेला, एक डोळा मिटून बघितलं, आणि त्याचं समाधान झालं नाही.

"तुम्ही सामान सगळं बोटीच्या पुढच्या टोकाला कोंबलंय ना? ते सगळं गाडीच्या मानेवर बसतं. मधे सरकवू. अगदी मागेही नको, मग शेपूट हलवते." आणि तो 'नको, मी करतो' म्हणेपर्यंत मिस्त्रीने ताडपत्रीची गाठ सोडली होती.

पेट्रोलचा कॅन मधे गेला. बॅटरी मधे गेली. मग दोराचं वेटोळं, आणि दोराला बांधलेला चार तोंडांचा लोखंडी गळ. मिस्त्रीने तो उचलून उलटासुलटा केला. चारही टोकांना कापडाच्या चिंध्या गुंडाळल्या होत्या, वरून सुतळीने घट्ट बांधल्या होत्या.

"याला चिंध्या कशाला? अशानं तो रुतणार कसा माशा–"

तो थांबला. गळाच्या खाली कोरी चादर होती, दुकानातल्या घडीतच असलेली, पांढरी. मिस्त्रीची नजर चादरीवरून गळावर आली, गळावरून बोटीच्या कडेवर, तिथल्या खरवडलेल्या रंगावर. मासे धरायचं त्या बोटीत काहीच नव्हतं. फाटकापलीकडून एक सायकल घंटी वाजवत गेली. मिस्त्रीने गळ खाली ठेवला, अगदी हळू, आवाज न करता, आणि तेलाचे हात आपल्याच पँटला पुन्हा पुन्हा पुसले.

"कोण?"

"धाकटा."

मिस्त्रीने मान हलवली. मग ताडपत्री ओढून घेऊन प्रत्येक गाठ त्याने स्वतः मारली, गरजेपेक्षा जास्त गाठी मारल्या, आणि शेवटची आवळताना वर न बघता म्हणाला, "मघाशी मी बोललो ते… मनावर घेऊ नका, दादा."

दादा.

जगात एकच माणूस त्याला असं म्हणायचा, आणि तो शब्द आता एका परक्या, तेलकट, भल्या माणसाच्या तोंडून बाहेर आला होता, रिकामा पडलेला पाहून कोणीतरी उचलून वापरावा तसा. त्याला ओरडावंसं वाटलं, हा शब्द ठेवा तिथेच, तो अजून… त्याने गाडीच्या दाराला धरलं. मिस्त्री जवळ आला, पण त्याने हात लावला नाही.

"मी येऊ बरोबर? दुकान बंद करतो."

"नको."

"एकट्यानं कसं ओढाल वर?"

हाही विचार त्याने केला नव्हता. "बघू," तो म्हणाला आणि आत बसला.

गाडी सरळ चालत होती. गावाबाहेरचा खराब रस्ता आला, मग पूल, मग वळणं; मागे बोट शहाण्यासारखी येत होती, आरशात तिचं नाक स्थिर, स्टिअरिंगला वजन, समोर रस्ता आणि आभाळ आपापल्या जागी. इतके दिवस याच रस्त्यावर त्याचा जीव मुठीत असायचा – आता बसली, आता हलली, आता उलटणार – आणि आज त्याच्या लक्षात आलं की त्या भीतीनेच त्याला रोज तलावापर्यंत पोचवलं होतं. घाम पुसत उतरायचं, वाचलो म्हणायचं, लगेच कामाला लागायचं. आज मधे काहीच नव्हतं. गाडी इतकी निमूट चालत होती की त्याला स्वतःचा श्वास ऐकू येत होता, आणि त्या श्वासात एक वाक्य येत-जात होतं, ते त्याचं नव्हतं, त्याचं असणं शक्यच नव्हतं…

उताराच्या तोंडाशी त्याने गाडी थांबवली. खाली पाणी होतं, मोठं, करडं, कुठेही न हलणारं. उद्या ते जाणार. त्याने पाय ब्रेकवरून काढायला हवा होता, ऊन कलायला लागलं होतं, एकेक घटका मोलाची होती, धाकट्याची बायको दाराकडे डोळे लावून… नाही, तिने तर उशीर मागितला होता. सापडला की तो गेलाच, हे तिला आधीच कळलं होतं. तिने रोज हेच मागितलं असेल, आणि मी मात्र रोज देवाकडे तुला मागत होतो, धाकट्या, सापडू दे, सापडू दे म्हणत होतो, आणि आता इथे, या धड उभ्या राहिलेल्या गाडीत, माझ्या तोंडून, हळू, तुला ऐकू जाऊ नये इतक्या हळू, निघतंय – नको सापडूस रे. आज नको.

मागून कोणीतरी हॉर्न वाजवला. त्याने हात बाहेर काढून पुढे जायची खूण केली. ती गाडी गेली. मग दुसरी आली, तीही गेली. पाय ब्रेकवर तसाच होता, आणि दोन्ही हातांत स्टिअरिंग, जड, कधी नव्हे इतकं आज्ञाधारक.