डिकीतला तांदूळ

गाडी बघायला जाताना डॉक्टर पुरुषोत्तम गद्रे कोटाच्या खिशात स्टेथोस्कोप घेऊन जात. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी तो काही सुटला नव्हता. बॉनेट उघडायला लावून ते त्याची चकती इंजिनाला टेकवत, डोळे मिटून ऐकत, आणि मग असं तोंड करत की विकणाऱ्याचंच काळीज धडधडावं. महिन्याभरात त्यांनी अशा सहा गाड्या तपासल्या आणि सहाही नापास केल्या. लंडनजवळ ब्रॅकनेलला एक नागपूरचं सॉफ्टवेअरवालं जोडपं भारतात परत चाललं होतं. त्यांची फोर व्हील ड्राइव्ह चांगली धट्टीकट्टी होती, पण बजेटबाहेर, आणि पोटाखाली, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाने, गंज धरलेला. स्लाऊची दुसरी बजेटात बसत होती, पण इतकी बुटकी, की वीतभर बर्फ साचला तर तिथेच बसकण मारेल. तिसरीचा हीटर खोकत होता. चौथीचा रंग पांढरा, बर्फात ती दिसणार कोणाला? पाचवी-सहावीला काय झालं होतं, ते त्यांनाही धड सांगता आलं नसतं.

गाडी हवी होती वरदाला, त्यांच्या एकुलत्या एक मुलीला. तीही डॉक्टरच. स्कॉटलंडच्या डोंगरात, अव्हीमोरच्या पलीकडे, एका लहानशा गावातल्या दवाखान्यात तिला नोकरी मिळाली होती आणि एक नोव्हेंबरला हजर व्हायचं होतं. पेशंट दऱ्याखोऱ्यांत विखुरलेले, बस दिवसातून दोनदा, बर्फ मार्चपर्यंत. गाडीशिवाय तिथे पान हलायचं नाही. तिने साडेआठ हजार पौंड बाजूला ठेवले होते. त्यातच गाडी, इन्शुरन्स आणि हिवाळी टायर बसवायचे होते. बापाकडून एक पेनी घ्यायची नाही, असं तिने त्रेचाळिसाव्या वर्षी ठरवून टाकलं होतं.

गाड्या नापास करण्याचं खरं कारण पुरुषोत्तमरावांना चांगलं ठाऊक होतं, फक्त कबूल करवत नव्हतं. गाडी पसंत पडली की वरदा जाणार. पत्नी सुलक्षणा गेल्यापासून तीन वर्षं ही बापलेक बर्मिंगहॅमच्या घरात एकमेकांना धरून राहिली होती. वरदा त्यांना रोज चला म्हणायची आणि ते रोज म्हणायचे, "मी तिथे येऊन काय करू? तुझ्या पायात पायात येईन." एकटं राहायची त्यांना भयंकर धास्ती होती. पण ज्याचं काही काम नाही असा म्हातारा म्हणून लेकीच्या घरी जाऊन बसायची त्याहून जास्त होती. म्हणून बिचाऱ्या गाड्या नापास होत होत्या.

सातवी गाडी मिस्टर हॉलिसच्या गॅरेजात उभी होती, घरापासून पंधरा मिनिटांवर. ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार होता. हॉलिस साठीचा, दोरीला बांधलेला चष्मा छातीवर लोंबणारा, बोलण्यात अघळपघळ पण कामात चोख. गाडी निळी, आठ वर्षांची, एका मास्तरीणबाईंनी वापरलेली. पोटाखाली गंज नाही, जमिनीपासून बऱ्यापैकी उंच, हिवाळी टायरांचा संच सोबत. सगळं मिळून वरदाच्या आकड्याच्या आत. पुरुषोत्तमरावांनी स्टेथोस्कोप लावला, बराच वेळ ऐकलं. काहीही सापडेना. त्यांचा चेहरा पडला.

"बाबा, ही गाडी चांगला आहे," वरदा म्हणाली. तिचं मराठी वेल्समध्ये वाढलेलं. त्यात तिन्ही लिंगं गुण्यागोविंदाने नांदत. "प्लीज, आता नो म्हणू नका. ओन्ली सिक्स डेज राहिलेत."

"फोर व्हील ड्राइव्ह नाहीये."

"नसू दे ना. फोर व्हील गाडी चढायला हेल्प करतो, थांबायला नाही. थांबवतात टायर्स. मी तिथल्या लोकांना विचारलंय."

मग ते गाडीच्या मागे गेले, डिकी उघडली आणि त्यांना एकदम हुरूप आला.

"डिकी लहान आहे," त्यांनी हॉलिसला ऐकू जाईल असा इंग्रजीत निकाल दिला. "यात चार गोण्या राहायच्या नाहीत. दोनसुद्धा मुश्किलीने."

"कसल्या गोण्या?" हॉलिसने विचारलं.

हा प्रश्न विचारायला नको होता. वरदाने कपाळाला हात लावला, कारण ही गोष्ट तिने निदान शंभरदा ऐकली होती. पुरुषोत्तमराव मात्र खुलले. हॉलिसच्या बाकावर बसून ते सांगू लागले.

एकोणऐंशी साली ते आणि सुलक्षणा उत्तर वेल्समधल्या एका खाणींच्या गावात राहायला गेले. गाव कसलं, डोंगराच्या उतारावर पाटीच्या दगडांची साठ-सत्तर घरं. पुण्यात वाढलेल्या माणसाने बर्फ पाहिला होता तो उसाच्या रसातला. पहिली गाडी घेतली ती तपकिरी, जुनी, मागच्या चाकांवर चालणारी. पहिल्याच हिवाळ्यात एका बाळंतिणीला बघून परतताना ती चरात उतरली. फोन नव्हता. ते दोन तास चालत घरी आले, तर सुलक्षणा खिडकीशी उभी होती. ती रडली नाही, ओरडली नाही. तिने फक्त गरम पाणी आणून त्यांचे पाय त्यात ठेवले. ते पाणी निवलं तरी ती तिथून उठली नाही.

शेजारचा मेंढपाळ दुसऱ्या दिवशी म्हणाला, "डॉक्टर, मागे वजन टाका. मी चाऱ्याची पोती ठेवतो." आता चाऱ्याची पोती यांच्याकडे कुठून येणार? पण वर्षाचा तांदूळ होता. माहेरी असताना उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरायची सुलक्षणाला सवय, ती तिने इथेही सोडली नव्हती. फक्त उन्हाळ्याऐवजी दसरा झाल्यावर दोघं बर्मिंगहॅमला यायची आणि वीस-वीस किलोच्या चार गोण्या घेऊन जायची. घरात ओल, गोण्या ठेवायच्या कुठे हा प्रश्न होताच. त्या डिकीत गेल्या आणि गाडी रस्ता धरून चालू लागली.

"तेव्हापासून आमच्याकडे बर्फ पडला की भात बंद!" पुरुषोत्तमराव हसत म्हणाले. "पोळ्या खायच्या, तांदूळ वाचवायचा. तरी फेब्रुवारीत गोण्या संपायच्याच. मग बायको मागच्या सीटवर बसायची, वजन म्हणून. पुढे ही वरदा झाली, तर हिला गोधडीत गुंडाळून मांडीवर घ्यायची. चार वाजताच अंधार पडायचा, व्हिजिटा पाच-सहा. मी घराघरांत जायचो आणि ह्या दोघी गाडीत. सुलू कधी गाणं म्हणायची, कधी हिला पाढे शिकवायची. चौऱ्याऐंशीला लाल एस्टेट घेतली. नवी कोरी! तिला केवढी मोठी डिकी! तिने नऊ हिवाळे काढले, एकदाही चरात गेली नाही."

बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. त्यांना ती लाल गाडी नको होती, तो गारठाही नको होता. त्यांना आरशात दिसणारा, स्कार्फ गुंडाळलेला तो एक चेहरा हवा होता.

"लाल एस्टेट कुठली?" हॉलिसने विचारलं. त्यांनी नाव सांगितलं. हॉलिसने चष्मा डोळ्यांवर चढवला, पुन्हा काढला. "डॉक्टर, ती गाडी मी कित्येकदा खोललीय. ती पुढच्या चाकांवर चालायची."

"मग?"

"मग मागे वजन कशाला? तपकिरी गाडीला ते बरोबर होतं. लाल गाडीत ऐंशी किलो डिकीत टाकले तर उलट पुढची चाकं हलकी होणार. चढावर घसरणार. वजन हवं तर पुढे हवं."

पुरुषोत्तमरावांना आधी हसू आलं. मग ते हसू जागच्या जागी थिजलं. नऊ हिवाळे. दरीच्या कडेने जाणारे ते रस्ते. आपण डॉक्टर, लोकांना अक्कल शिकवणारे, आणि बायको-पोरीला त्या थंडीत मागे बसवून फिरवलं, ते फुकट? फुकट काय, धोक्यात घालून? ते उठले आणि निळ्या गाडीच्या उघड्या डिकीच्या कडेला जाऊन बसले. त्यांना स्वतःची अशी शरम कधी वाटली नव्हती.

हॉलिस भला माणूस. चहा टाकतो म्हणून आत गेला.

वरदा त्यांच्याशेजारी टेकली. "बाबा, आईला माहीत होता."

"काय माहीत होतं?"

"पुढच्या चाकांचं. पंच्याऐंशीत ती गाडी सर्व्हिसला घेऊन गेली, तेव्हा गॅरेजवाला गोण्या उचलून हसला. त्याने तिला सगळं एक्स्प्लेन केलं. त्या दिवसापासून ती गोण्या डिकीत नाही, मागच्या सीटच्या पुढे, पायाशी ठेवायची. मागच्या चाकांच्या पुढे, म्हणजे तसा हार्म नको. तुम्हाला वाटलं डिकीत सामानाला जागा हवी म्हणून."

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही तिला घरी ठेवलं असतं. म्हणाले असते, तू कशाला थंडीत? तिला परत त्या खिडकीत उभं राहायचं नव्हतं. हॉस्पिटलमध्ये शेवटी मला सांगितलं तिने. माझ्याकडून प्रॉमिस घेतली. म्हणाली, बाबांना वाटतं त्यांनी मोठा सायन्स केलाय, वाटू दे." वरदाने बाही डोळ्यांना लावली. "आज मी प्रॉमिस तोडली. तुमचा चेहरा बघवला नाही."

पुरुषोत्तमरावांना एकदम दुसरंच काहीतरी आठवायला लागलं होतं. पंच्याऐंशीच्या त्या हिवाळ्यात घरात अचानक भाताचा सुकाळ झाला होता. बर्फ गुडघाभर आणि पानात मसालेभात. रविवारी इडल्या. संक्रांतीला वेल्सच्या हवेत तांदळाचे पापड, जे वाळले नाहीतच. चर्चच्या बायकांना राइस पुडिंगसाठी सुलूने अख्खी गोणी देऊन टाकली आणि त्यांनी तिचा केवढा सत्कार केला. त्या वर्षापासून तांदूळ फेब्रुवारी बघायचाच नाही, जानेवारीतच संपायचा. ते दरवर्षी चिडायचे, "घरात माणसं अडीच, ऐंशी किलो तांदूळ जातो कुठे?" आणि सुलक्षणा रिकामी गोणी झटकत साळसूदपणे म्हणायची, "अहो, संपला खरा. आता काय, मलाच बसायला हवं मागे."

आठ वर्षं तिने त्यांना तांदूळ खाऊ घातला होता. चिडून का होईना, त्यांनी तो वाढून घेतला होता.

ते रडले. अगदी मनसोक्त, गॅरेजमध्ये, चहाचे मग घेऊन दारात अवघडून उभ्या राहिलेल्या हॉलिससमोर. वरदाने त्यांचा हात धरून ठेवला. मग त्यांनी रुमालाने चष्मा पुसला, चहा प्यायला आणि हॉलिसला विचारलं, "हिला एकदा चढावर नेऊन बघता येईल?"

हॉलिसने किल्ली वरदाच्या हातात दिली. लिकीच्या टेकडीचा चढ जवळच होता. वरदा स्टिअरिंगवर बसली. पुरुषोत्तमराव गाडीला वळसा घालून आले, मागच्या दाराच्या कडीवर त्यांनी हात ठेवला, क्षणभर थांबले, आणि मग पुढचं दार उघडून तिच्याशेजारी बसले. पट्टा तिने लावून दिला.

गाडी वर चढली. रस्त्यावर ओली पानं होती, पण चाकं घसरली नाहीत, इंजिन कुरकुरलं नाही. टेकडीच्या माथ्यावर वरदाने गाडी थांबवली. खाली सगळं बर्मिंगहॅम धुरकट पसरलं होतं. दोघांपैकी कोणीही घाईत नव्हतं.

"काय मग, पास?" तिने विचारलं.

"पास," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "तुझ्या त्या गावात तांदूळ मिळतो का गं?"

"मिळतो. पण छोट्या छोट्या पिशव्या. आणि बाबा, हिवाळी टायर आहेत, वजनाची गरज नाहीये."

"गरजेचं मला सांगू नकोस. दसरा होऊन गेलाय. येत्या बुधवारी निघताना इथूनच दोन गोण्या घेऊ, इथे माझ्या पायाशी ठेवू." ते समोर बघत होते, आणि गेल्या तीन वर्षांत वरदाने न ऐकलेला दरारा त्यांच्या आवाजात आला होता. "आणि एक लक्षात ठेव. घरात रोज भात व्हायला हवा. जानेवारीच्या आत दोन्ही गोण्या संपल्या पाहिजेत."