साड्यांच्या दुकानांसमोर

डॉक्टरांनी नळी छातीवरून उचलली आणि ज्योतीरामच्या मानेला लावली.

"श्वास धरा."

ज्योतीरामने धरला. शेजारी बसलेल्या कौशल्यानेही धरला, पण रागाने. आठवड्यातला हा तिसरा दवाखाना. कंपनीत भट्टीपुढे उभं असताना नवऱ्याच्या डाव्या डोळ्यासमोर दोन मिनिटं अंधार आला होता. डोळेवाल्याने डोळा चांगला म्हणून पुढे धाडलं, आणि हे डॉक्टर मान ऐकत बसले होते.

"मानेच्या रक्तवाहिनीत आवाज येतोय," डॉक्टर म्हणाले. "वाट अरुंद झालीय. तिथं झाली, तर हृदयाच्या वाहिन्यांतही झालेली असू शकते. चालताना छाती भरून येते?"

"न्हाई."

"जिना चढताना?"

"डोळ्याचं बघा की, डॉक्टरसाहेब. छाती ठणठणीत हाय."

भट्टीवरचा हिंदुराव छातीत दुखतं म्हणाला होता. तिसऱ्या दिवशी कंपनीने त्याला घरी बसवलं. तेव्हापासून भट्टीवर कुणाचीच छाती दुखत नव्हती.

डॉक्टरांनी पुन्हा तेच विचारलं, तशी कौशल्याच चिडली.

"चांगले चालतात हो हे! फक्त सिंधी कॅम्पातल्या बाजारात माझा जीव खातात. दिवाळीपासून साड्यांचा नाद लागलाय. दुकान दिसलं की काचेपुढं उभे!"

तक्रारच होती ती. तरी सांगताना तिने पदर नीट केला.

"घेतली एखादी?"

"कुठली! दोन मिनिटं बघतात, की लागले चालायला."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "आणि साड्यांचं दुकान नसेल तिथं?"

"तिथं सिंधी पाट्या वाचत..."

शेवटचा शब्द तिच्या तोंडातच राहिला. ज्योतीरामला सिंधी येत नव्हतं.

तो फरशीकडे बघत होता. बावीस वर्षांत ज्याने तिच्या लुगड्याचा रंग पाहिला नाही, त्याच्या या नव्या नादाचं कौतुक तिचं सगळ्या चाळीला सांगून झालं होतं. आता चिडावं तरी कुणावर?

"बाजाराच्या टोकापर्यंत किती वेळा थांबतात?"

तिने बोटं मोजली. चुकली. पुन्हा मोजली.

"नऊ."

"अगं," ज्योतीराम हळूच म्हणाला, "त्या जांभळ्या साडीपाशी मी खरंच बघत हुतो."

कौशल्याने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"आठ लिहा, डॉक्टर."